फाटकावरचा फ्लेक्स

गुडघा दाखवायला म्हणून जहांगीर सर फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शिरले आणि दारातच थबकले. कोपऱ्यातल्या सायकलवर सुदाम सर घामाघूम होऊन पेडल मारत होते.

लातुरात जहांगीर सरांचा कोचिंग क्लास होता आणि सुदाम सर तिथं केमिस्ट्री शिकवायचे. दिवाळीनंतर एकदा शिकवताना त्यांचा तोल गेला, तोंडपाठ सूत्रही आठवेना. "पिऊन आलात काय?" जहांगीर सरांनी भरल्या वर्गात विचारलं होतं आणि त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं होतं. क्लासचं नाव खराब झालं असतं ना!

"या सर!" सुदाम सर हसले. "मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं. मेंदूचा आजार हाय. तोल जातो, मधेच आठवत न्हाई. डॉक्टर म्हणले, नेमानं व्यायाम करा, डोक्यालाबी फायदा होऊ शकतो. म्हणून पेडल मारता मारता सूत्रं म्हणतोय."



"तुम्ही सुट्टी दिली, लई उपकार झाले. नवी बॅच सुरू झाली की बोलवा."

वर्गातला तो अपमान सुदाम सरांना खरंच आठवत नव्हता, की ते झाकून घेत होते? विचारायची हिंमत जहांगीर सरांना झाली नाही.

"हाव, बोलवतो की," ते म्हणाले आणि गुडघा न दाखवताच निघाले.

क्लासच्या फाटकावर जाहिरातीचा फ्लेक्स होता. त्यावरच्या सुदाम सरांच्या चेहऱ्यावर नव्या मास्तरांचा फोटो जहांगीर सरांनीच चिकटवून घेतला होता. वाऱ्यानं त्याचा कोपरा सुटला होता आणि आतून सुदाम सर हसत होते.

जहांगीर सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि कोपरा अंगठ्यानं दाबून पक्का बसवला.