पात्रींचा टक् आणि दिवाकरचा गुडघा

सकाळ झाली, रात्रभराचं यक्षगान संपलं, तरी देवळासमोरचं माणूस हलेना. खरा खेळ तर आता होता! आमच्या मेळ्याचा अभिमन्यू, दिवाकर, अगदी शेवटी गुडघ्यांवर गिरक्या घेता घेता कोसळला होता. उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकलेली, पाय दुमडलेला, गडी गुरासारखा ओरडत होता.

मी ऐतप्पा, मेळ्यात मद्दळे, म्हणजे आपला मृदंगच, वाजवतो. मला पुढचं सगळं पाठ होतं. देवीचे भगत तनियप्पा पात्री येणार, अंगात देवी आणणार, “भुता, निघ, निघ!” म्हणत पाय हळूच सरळ करणार. टक्! वाटी जागेवर. मग हुकूम: “देवीपुढे गुडघ्यांवर एकवीस गिरक्या घाल.” दिवाकर घालायचा, वाटी पुन्हा सरकायची. नवस कमी पडला म्हणे, आता एक्केचाळीस! असं तीनदा झालं. बिचाऱ्याला जिना चढवेना, आणि म्हणे देवीची कृपा.

पात्रींनी कापूर पेटवला, तोच डॉक्टर सुमंगला होळ्ळ पुढे आल्या. आजचा खेळ त्यांच्याच सासूबाईंनी नवस फेडायला ठेवला होता.

“थांबा पात्री. आज ऐतप्पण्णा पाय सरळ करतील.”

“मी? अहो अक्का, माझ्या तोंडात पान आहे!”

“असू दे. मंत्र कुठे म्हणायचाय?”

त्यांनी वाटीला बोटं लावली. मी टाच धरली आणि त्या सांगतील तसा पाय हळूहळू सरळ केला. टक्!

“आता कुणाचं भूत निघालं?” डॉक्टरांनी गर्दीला विचारलं. “वाटीला आतून धरणारा पट्टा तुटलाय, म्हणून ती घसरते. पाय सरळ झाला की बहुतेकदा जागेवर येते. पण दर खेपेला आतला गुळगुळीत थर खरवडला जातो. आणखी दोन नवस फेडलेस दिवाकर, तर नाचणं सोड, चालायचे वांधे होतील. ऑपरेशनच करायला हवं.”

“सुरी लागली की पाय गेला!” पात्री गरजले.

“छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून बघायचं, बोटभर चिरांतून नवा पट्टा बसवायचा. मग कित्येक महिने धीर. गिरक्यांचं वचन मी देत नाही.”

दिवाकरला रडू फुटलं. “अण्णा, गिरक्या गेल्या तर मला कोण विचारणार?”

“आधी पाय तर वाचव, गाढवा!” मी म्हटलं. माझेही डोळे भरले होते.

पात्री हार मानतात कुठे! “देवी ऐतप्पाच्या हातात शिरली!” असं ते ओरडले मात्र, तीन बायका धाडकन माझ्या पाया पडल्या.

दिवाकरचं ऑपरेशन झालं. यंदा तो अभिमन्यू उभ्यानेच करतो. लोक ओरडतात, “गिरक्या! गिरक्या!” मी मद्दळे थांबवतो आणि सांगतो, “हौस असेल त्यानं स्वतःच्या गुडघ्यांवर घ्याव्यात. आणि दुखलं तर डॉक्टर गाठा, माझे पाय धरू नका. माझेही गुडघे दुखतात, ते मी डॉक्टरांनाच दाखवतो.”