चौथा दोरा

"ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा," रत्नाकरराव म्हणाले, आणि पहिला हात त्यांनी स्वतःचाच वर केला.

ब्रह्मा घाटावरच्या मराठी मंडळाच्या सतरंजीवर सातजण बसले होते. मंडळाच्या गणपतीचा शेला दरवर्षी रामनगरचे मुख्तारभाई विणायचे. यंदा तो दुकानातून आणायचं घाटत होतं.

"आपला त्यांना काही विरोध नाही," रत्नाकरराव म्हणाले. "पण माहौल बघताय ना. उगाच कोणी बोलायला नको."

कोण बोलणार होतं, हे कोणीच विचारलं नाही. देवदत्तचा हात वर गेला, मग ढुंढिराजशास्त्र्यांचा. मुख्तारभाईंच्या बाजूनं काय बोलायचं ते शरदिनी घरून घोकून आली होती. तीस वर्षं शाळेत पोरांना दटावलेली बाई ती. पण पाच हात वर दिसले आणि तिनं मूग गिळले. पाठोपाठ तिचाही हात वर गेला.

मूर्तीच्या खांद्यांचं माप दोऱ्यानं घेऊन रामनगरला पोचवायचं काम दरवर्षी तिचंच. तेव्हा नकारही तिनंच कळवायचा, असं ठरलं.

चार दिवसांनी ती नदीवरचा पूल ओलांडून रामनगरला गेली. पर्समध्ये घरच्या गणपतीच्या मापाचा दोरा होता. मंडळाचा नाही तर निदान घरचा शेला त्यांच्याकडून घ्यावा. तिला स्वतःची लाज वाटत होती.

मुख्तारभाई मागावरून उठले. "आइए दीदी. मंडल का काम इस बार नहीं है, मालूम है."

"किसने बताया?"

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला तीन दोरे लटकत होते. प्रत्येकाला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर नुसतं 'घर का'.

"आपके मंडल से तीन लोग आ चुके हैं. अलग-अलग. सबको अपने घर के गणपति का शेला चाहिए. और सबने कहा, किसी से कहिएगा नहीं."

नावं त्यांनी सांगितली नाहीत. पण एका दोऱ्याच्या टोकाला जानव्याला असते तशी ब्रह्मगाठ होती, आणि तशी गाठ मंडळात एकच माणूस मारायचा.  शरदिनीनं मनात मोजलं. तिच्यासकट सातांत चार.

तिनं पर्समधून आपला दोरा काढला. मुख्तारभाईंनी तो घेतला आणि खिळ्याला अडकवला. "आपका भी किसी से नहीं कहना है न?"

तिची मान होकारार्थी हलायला लागली होती. ती मध्येच थांबली.

"धागों की एक फोटो ले लूँ?"

ते भिंतीसमोरून बाजूला झाले.

ब्रह्मगाठ दिसणार नाही असा तो एक दोरा तिनं फिरवला आणि फोटो काढला. मंडळाच्या ग्रुपवर तो टाकून खाली लिहिलं, 'मुख्तारभाईंकडे आलेली मापं. सगळी आपल्यातलीच. चौथं माझं. शरदिनी.'