ओटिलियाचा हात

"तासभर बसवून माझे हात कागदावर कशाला काढून घेतलेस? खरं सांग, फाइट."

ओटिलिया सुईण चिताऱ्याच्या दारात ठाण मांडून उभी होती.

"चांगले आहेत म्हणून, मावशी."

"हे चांगले? आल्याच्या कुड्यांसारखी बोटं झालीत. मला शेंडी लावू नकोस."

फाइटने हसून चर्चच्या वेदीसाठी काढलेल्या चित्रावर पडदा ओढला. नाताळपर्यंत ते कुणाला दाखवायचं नाही, असा त्याचा नेम होता. ओटिलियाच्या मनात पाल चुकचुकली. ख्रिस्तजन्माच्या चित्रात दोन सुइणी असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एक भाविक. दुसरी मरीयेच्या कौमार्यावर संशय घेते आणि तिचा हात जागच्या जागी वठतो. मेल्याला त्या हातासाठीच मी सापडले, असं तिने धरून घेतलं.

पिंपं करणाऱ्यांच्या सुनेचं मूल उन्हाळ्यात तिच्या हातात गेलं होतं, तेव्हापासून कुजबुज होतीच. आता वेदीवर हा हात वठलेला दिसला, तर चाळीस वर्षं उघडलेली दारं बंद होणार होती. तीच सून पुन्हा गरोदर होती, आणि अजून बोलावणं नव्हतं. ओटिलियाने हात शालीत घातला, तो बाजारातही बाहेर काढला नाही.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये वेदीवरच्या चित्राची झाकणदारं उघडली. ओटिलियाने आधी सुइणी शोधल्या. त्या नव्हत्याच. मरीया गुडघ्यांवर, बाळ जमिनीवर उघडं, आणि कोपऱ्यात मेणबत्ती धरलेला म्हातारा योसेफ. वारा लागू नये म्हणून त्याने ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा केला होता. तो हात तिचा होता, अंगठ्यावरच्या व्रणासकट. तिला आपलीच लाज वाटली.

"योसेफाचा हात बघ, किती वाकडा," शेजारी उभी असलेली त्या सुनेची सासू आपोलोनिया पुटपुटली. "चुकला फाइट."

"चुकला नाही. ज्योत फार वर्षं जपली, की होतो असा."

ओटिलियाने क्रुसाची खूण करायला हात शालीबाहेर काढला. आपोलोनियाने हाताकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"तू हात लपवायला लागलीस, ओटिलिया. आम्हाला वाटलं, निकामीच झाला तो. आम्ही दुसरी सुईण ठरवली गं."

"असू दे. तिला म्हणावं, पाणी कोमट ठेव."

थंडीने बोटं ठणकत होती. प्रार्थना संपेपर्यंत तिने हात पुन्हा शालीत घातला नाही.