बाहेर टांगलेले देव

मी एक जुना बॅनर आहे, मित्रांनो. छापलेला नव्हे, हाताने रंगवलेला. जब्बारभाई पेंटरांनी जाड मांजरपाटाचे पट्टे शिवून मला मंडईजवळच्या एका थिएटरसाठी तयार केलं. नवा सिनेमा लागला की ते माझ्यावर पांढरा रंग फासत आणि वर नवी चित्रं काढत. किती नायक माझ्या अंगात गाडले गेले, ते मलाच ठाऊक. वाईट वाटे, पण आमचा धंदाच तसा होता.

पुढे शहरात मॉल आले. कोथरूडची मंडळी मल्टिप्लेक्सला जाऊ लागली आणि यंत्रावर छापलेले फ्लेक्स झटपट मिळू लागले. थिएटरचे मालक यज्ञेश्वरराव जब्बारभाईंना म्हणाले, एका जुन्या ग्रीक महाकाव्यावरचा अफाट खर्चाचा सिनेमा येतोय. बॅनरने गर्दी खेचलीत, तर फ्लेक्सचं नाव काढणार नाही. जब्बारभाईंनी कंबर कसली.

सिनेमा आधी बघायला मिळत नसे. नटांचे चार फोटो यायचे, बाकीचं डोक्यातून काढायचं. जब्बारभाईंची मुलगी मेहरुन कॉलेजात ती कथा शिकत होती. वडील रंग कालवत असताना तिने ती सगळी सांगितली. त्या युद्धात देवही पक्ष घेतात. कुणी बाण वळवतो, कुणी लाडक्या योद्ध्याला धुक्यात लपवतो. जन्मभर पौराणिक सिनेमे रंगवलेल्या माणसाला यात काहीच परकं वाटलं नाही. त्यांनी खाली रणांगण काढलं आणि वर आभाळभर भांडणारे देव. मी स्वतःवरच खूश होतो.

पहिल्या खेळाला रांग लागली. लोक बाहेर आले ते तोंडं पाडून. सिनेमात देव एकही नव्हता. होती ती तेल चोपडलेली माणसं, लांबलचक भाषणं आणि धूळ. कॉलेजची मुलं तिकीट खिडकीवर देवांचा हिशेब मागू लागली. एक वयस्कर गृहस्थ मात्र माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि यज्ञेश्वररावांना म्हणाले, "सिनेमा तुम्ही बाहेर टांगलाय. आत नुसती जाहिरात चाललीय."

मालक भडकले. आजच्या आज देवांवर निळा रंग मारा, नाहीतर पुढचं काम फ्लेक्सवाल्याला, असं त्यांनी बजावलं. माझा धागान् धागा धास्तावला. जब्बारभाई शिडी घेऊन आले, पण त्यांनी रंगाचा डबा उघडला नाही.

"शेठ, सिनेमा उतरला की चित्र पुसायचं, हा रिवाज मी पाळत आलो. पण सिनेमावाल्याला सुचले नाहीत म्हणून गोष्टीतले देव मी पुसणार नाही."

"मग हा शेवटचा बॅनर."

"शेवटचा तर शेवटचा. माझं कापड मी घेऊन जाईन."

आठवड्यातच सिनेमा उतरला. जब्बारभाईंनी मला हातगाडीवर घालून घरी नेलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर पांढरा रंग फासला नाही. पुढे ते दुकानांच्या पाट्या रंगवत राहिले. हात थांबू दिला नाही.

आता मी वारज्यातल्या एका शाळेत असतो. मेहरुन तिथे शिकवते. माझ्या कडा विरल्यात, एका देवाचा कान उंदरांनी खाल्लाय. तरी ती मला टांगून गोष्ट सांगते, तेव्हा मुलं हमखास विचारतात, "मॅडम, हा पिक्चर कुठे बघायला मिळेल?"

"हा अजून कुणी काढलेलाच नाही," ती म्हणते.

म्हणून मित्रांनो, मला दुमडू नका, गुंडाळून ठेवा, ओल लागू देऊ नका. हा सिनेमा माझ्याशिवाय दुसरीकडे कुठेही लागलेला नाही.