ब्रेक लागला नाही

"पुन्हा कशाला काढलीस ती अवदसा?" शेंगा सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं. "उद्या भंगारवाल्याला बोलावलंय ना तुझ्या नवऱ्याने?"

"येऊ दे की. तो येईपर्यंत तरी माझीच आहे."

तिने सायकल पॅसेजमध्ये ओढली, जुनी चादर अंथरली आणि एका झटक्यात सायकल उलटी करून हँडल नि सीटवर उभी केली. तिच्या सोललेल्या कोपराला कळ आली, तशी ती ओठ आवळून तशीच उभी राहिली. सासूबाईंनी नुसतं बघितलं.

सायकल उलटी करणं हे या घरात नवऱ्याचं काम. दर रविवारी तो हाफपँट चढवायचा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातली आपली हत्यारं ओळीने मांडायचा आणि दोन तास त्या सायकलची मनोभावे सेवा करायचा. साखळीला तेल, आरे पुसणं, घंटीची वाटी चकचकीत करणं. जाता-येता मजल्यावरची माणसं म्हणायची, "काय इंजिनिअर, सर्व्हिसिंग का?" तो एका कंपनीच्या गोदामात सुपरवायझर होता, पण 'इंजिनिअर' ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढायचं त्याच्या. तिलाही आवडायचं ते. तिचं सगळं काम त्या सायकलवर. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, सकाळी सहा ते दहा. उपाशीपोटी वाट बघत बसलेली म्हातारी माणसं दारातच म्हणायची, "आलीस बाई, आता चहा मिळेल." परतताना शिशुवर्गातून लेकीला मागच्या छोट्या सीटवर बसवून आणायचं. सायकल नवऱ्याने नीट ठेवलेली असायची म्हणून ती निर्धास्त. डब्याला मात्र हात लावायचा नाही. "तू जागच्या जागी ठेवत नाहीस," तो म्हणायचा आणि तीही हसून सोडून द्यायची.

आठ दिवसांपूर्वी, सोमवारी, ती लेकीला घेऊन शाळेसमोरचा उतार उतरत होती. वळणावर तिने ब्रेक दाबला. दोन्ही हातांनी दाबला. करकर असा पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज झाला आणि सायकल थांबायचं सोडून उलट पळतच सुटली.

लेकीच्या, गोटीच्या, हनुवटीला तीन टाके पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

"ब्रेक लागला नाही," ती दवाखान्यात म्हणाली. घरी आल्यावरही तेच. कोणी ऐकून घेतलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "लागला नाही की दाबला नाहीस? कायम वाघ मागे लागल्यासारखी असतेस." नणंदेचा फोन आला, तिने तर निकालच लावला: "वहिनी, त्या नोकरीच्या घाईपायी पोरीचं काय झालं बघ." आणि नवरा? तो मान खाली घालून बसला होता. हळूच म्हणाला, "घाई असतेच तिला."

हे वाक्य तिने आठ दिवस चघळलं होतं. आणि दुसरं, त्याहून वाईट, गोटीचं. चार वर्षांची ती पोर. येईल त्याला प्लास्टर दाखवायची आणि सांगायची, "आईने मला पाडलं." दूधवाल्याला सांगितलं. टाके काढणाऱ्या नर्सला सांगितलं. काल उशीला टेकवून ठेवलेल्या अस्वलालाही सांगत होती. तक्रार म्हणून नाही हो! आज ढग आलेत, आईने मला पाडलं, इतकं साधं. म्हणून तर ते थेट आत जाऊन रुतायचं.

तिने डबा उघडला. ब्रेक उघडून बघायला आठ-दहाचा पाना हवा होता. वरचे स्क्रू ड्रायव्हर बाजूला केले तर खाली नवऱ्याचा चौकड्यांचा रुमाल. गाठ मारलेला. रुमाल डब्यात कशाला, म्हणून तिने गाठ सोडली. आत ब्रेकची दोन रबरं. नवी कोरी, पण एका अंगाला खरचटलेली, डांबराचे बारीक खडे चिकटलेली.

ती बघत राहिली. मग मागच्या चाकाशी वाकली. ब्रेकचं रबर पत्र्याच्या छोट्या पन्हळीत बसवलेलं असतं. मागच्या दोन्ही पन्हळी रिकाम्या होत्या. पुढच्या चाकाला रबरं होती, पण एक अर्धं बाहेर आलेलं. पन्हळीचं एक टोक उघडं, एक बंद. तिने चाक फिरवून पाहिलं. ज्या बाजूला चाक पळतं, त्याच बाजूला उघडं टोक. तिने त्या दिशेने रबर अंगठ्याने जरासं ढकललं आणि ते ओल्या साबणाच्या वडीसारखं निसटून तिच्या हातात आलं.

पॅसेजच्या टोकाला पेपरवाल्याची सायकल उभी होती. ती उठून तिथे गेली, वाकून पाहिलं. त्याची बंद टोकं पुढे.

म्हणजे ब्रेक दाबायचा, चाकाने रबर आपल्यासोबत ओढायचं आणि रबराला अडवायला पुढे काहीच नाही. उतारावर, लेक मागे बसलेली असताना.

तिला आता आठवलं. पडायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्याने नवी रबरं टाकली होती. कानाला मोबाइल, खांद्याने धरलेला, मित्राशी हसत-खिदळत. ती म्हणालीही होती, "आधी बोलून घ्या ना." तर म्हणाला, "हे मी डोळे मिटून करतो."

आणि पडल्यावर सायकल आणायला उतारावर कोण गेलं होतं? तोच.

 तिने पाना घट्ट धरला. रडू येत होतं का? नाही. रडायची वेळ आठ दिवसांपूर्वीच येऊन गेली होती, गादीवर तोंड दाबून.

जिन्यात चपला वाजल्या. नवरा केस कापून आला होता. मानेवर बारीक केस, तोंडात शीळ. पॅसेजमधलं दृश्य पाहिलं आणि शीळ थांबली.

"अगं, तू कशाला? डब्याला हात..."

तिने तळहात पुढे केला. त्यावर दोन रबरं.

"हे काय आहे?"

"ते... जुनी असतील."

"जुनी? अजून लेबलाचा गोंद आहे." तिचा आवाज चढला नव्हता, सासूबाईंनी मात्र शेंगा सोलायच्या थांबवल्या. "रस्त्यावरून वेचून आणलीस ना? कधी? तिला टाके घालत होते आणि मी तिचे पाय धरून उभी होते, तेव्हा?"

सासूबाईंसमोर ती त्याला अहो-जाहो करायची. आज तोंडातून 'तू' निघालं आणि ते परत आत घ्यावं असं तिला वाटलंही नाही.

"हळू बोल," तो म्हणाला. "माणसं ऐकतात."

"घाई असते तिला, हे माणसांनी ऐकलं तेव्हा चाललं?"

"अगं, मी सांगणारच होतो."

"कधी? तिच्या लग्नात?"

"चूक होते माणसाकडून. टोकं उलटी झाली. लक्षात नाही आलं."

"उलटी झाली, बरं. माझ्याकडूनही झाली असती. पण ही रुमालात कोणी बांधली? गाठ मारताना लक्ष होतं ना?"

 सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकदा लेकाकडे, एकदा सुनेकडे. मग त्यांना जे सुचलं ते म्हणाल्या, "जाऊ दे आता. पोर आत खेळतेय. तिच्यासमोर बापाला असं बोलू नये."

"तिच्यासमोरच, आई. आठ दिवस तिच्यासमोर मला बोलणं चाललंच होतं की." ती नवऱ्याकडे वळली. "हे बघ. नणंदबाईंना फोन करू नकोस. मजल्यावर दवंडी पिटू नकोस, तू राहा इंजिनिअर. लॅबला उद्या मी जाणार आहे, तेव्हा 'ती नोकरी सोडतेय' असा फोनही तिथे करायचा नाही. फक्त तिला सांग. तुझ्या तोंडाने."

"चार वर्षांची आहे ती. तिला काय कळतंय?"

"आईने पाडलं, एवढं कळतंय."

गोटी आवाजाने बाहेर आलीच होती. डाव्या काखेत अस्वल, गळ्यात अडकवलेलं प्लास्टर. नवरा उकिडवा बसला. 

"गोटी, त्या दिवशी ना... सायकलचा ब्रेक खराब झाला होता."

"झाला होता?" गोटीची आई म्हणाली.

त्याने वर पाहिलं. तिच्या हातात पाना होता आणि ती हलत नव्हती.

"बाबांनी ब्रेक उलटा बसवला होता," तो म्हणाला. "म्हणून तू पडलीस."

गोटीने विचार केला. "आईने नाही पाडलं?"

"नाही."

"मग आईने काय केलं?"

 मग त्याची नजर बायकोच्या कोपराकडे गेली, तिथल्या काळ्या पडलेल्या खपलीकडे. आठ दिवसांत पहिल्यांदाच गेली असावी. "आईने हँडल सोडलं आणि तुला धरलं," तो म्हणाला.

"बाबांनी पाडलं," गोटीने स्वतःशी म्हणून पाहिलं. बातमी ताजी होती. तिने अस्वल नीट काखेत धरलं. "शेजारच्या आजींना सांगून येते."

"अगं, थांब, गोटी..." तो उठायला गेला.

"जाऊ दे तिला," ती म्हणाली.

चपलांशिवायच गोटी पळाली. शेजारचं दार उघडंच होतं.

तिने पुढच्या पन्हळीचा नट सैल केला, ती काढून फिरवली, बंद टोक पुढे घेतलं. रबर दाबून बसवलं. नवऱ्याने सवयीने हात पुढे केला. "दे, मी घट्ट करतो."

तिने पाना दिला नाही.

"चाक धर," ती म्हणाली. "हलतंय."

त्याने दोन्ही हातांनी टायर धरला. सासूबाई आत गेल्या. स्वयंपाकघरातून शेंगा मोडल्याचा आवाजही येईना. शेजारच्या दारातून मात्र गोटीचा बारीक, स्वच्छ आवाज येत होता, पहिल्यापासून सगळं, उतारासकट. त्याचे कान लाल झाले. ती एकेक नट आवळत गेली. पुढचे दोन, मग मागचे दोन. शेवटी ब्रेक दाबून पाहिला, एकदा, दोनदा. हात पुसले. हत्यारं डब्यात भरून झाकण लावलं.

सोड आता, असं मात्र ती म्हणाली नाही. तो तसाच चाक धरून बसून राहिला.