परवानगी विचारू नये

मित्रांनो, मी लाकडाचा एक जुना ठोकळा आहे, पण कृपा करून मला नुसता ठोकळा म्हणू नका. माझे अंग घोड्याच्या खोगिरासारखे वळलेले आहे. माझ्यावरून पुढून मागे बोट फिरवले, तर मधोमध खळगा लागतो. तेच बोट डावीकडून उजवीकडे फिरवले, तर त्याच जागी उंचवटा लागतो. एवढीच माझी अक्कल! पण विद्यापीठाच्या गणित विभागात या अकलेला मान आहे. मधल्या काही वर्षांत तो नव्हता, तेही सांगतो.

मला घडवले विभागाच्या सुतारकाकांनी, मोडक्या बाकांच्या फळ्या एकमेकींना चिकटवून. तेव्हा एक म्हातारे सर ‘अनेक चलांचे कलन’ हा विषय शिकवत. नाव ऐकून घाबरू नका. डोंगरावर उभे राहिले की प्रत्येक दिशेला चढ-उतार वेगळा असतो ना, तसल्या गोष्टींचे हे गणित. सर रोज सुतारकाकांकडे येत, माझ्यावर तळहात फिरवत आणि म्हणत, “अजून थोडं घासा.”

शेवटी काका वैतागले. “घासतो हो सर, पण यावर बसणार कोण?”

“मुलांची डोकी,” सर म्हणाले.

काका हसले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी पॉलिशचा एक हात जास्त मारला.

सत्राच्या पहिल्याच तासाला सर नियमपत्रिका वाटत. गृहपाठ सोमवारी द्यायचा, उशिरा आलेला घेणार नाही. सर्वांत कमी गुणांचे दोन गृहपाठ मोजणार नाही. चर्चा हवी तेवढी करा, पण उत्तर स्वतःचे लिहा. नक्कल सापडली तर शून्य. परीक्षेत फोन, वही, कॅल्क्युलेटर काही नको. इथवर आले की मुले पत्रिका दप्तरात कोंबत. पण खरी गंमत शेवटच्या ओळीत होती. ‘परीक्षेच्या वेळी टेबलावरचे लाकडी खोगीर कोणीही उठून हाताळावे. परवानगी विचारू नये.’ त्या काळी मी काय भाव खाल्ला म्हणून सांगू! सर स्वतः मुलांना बोलावून माझ्यापाशी उभे करत.

मग सर निवृत्त झाले आणि मॅडम आल्या. मॅडम हुशार आणि शिस्तीच्या. ‘नियम म्हणजे नियम’ हे त्यांचे पालुपद. त्यांच्या पडद्यावर रंगीत आकृत्या गरगर फिरत, तेव्हा माझ्याकडे कोण पाहणार? नियमपत्रिका मात्र सरांचीच चालू राहिली. दर सत्राला वरची तारीख बदलायची आणि छापायची. मी टेबलावरून कपाटावर गेलो, कपाटावरून कपाटाखाली गेलो, आणि शेवटी वर्गाचे दार वाऱ्याने आपटते म्हणून दाराशी जाऊन पडलो. येताजाता पायाने ढकलत मला. “तो दगड सरकव रे,” असेही कुणी म्हणे. मी आणि दगड! मला फार वाईट वाटे.

एका वर्षी त्या वर्गात एक मुलगी होती. बाकीची मुले तिला ‘ताई’ म्हणून चिडवत, कारण ती त्यांच्यापेक्षा एक वर्ष मोठी होती. आदल्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे करत होती. परीक्षेच्या सकाळी ती माझ्याशेजारी, दारात उभी राहून फोनवर बोलत होती.

“नाही हो बाबा, खाल्लं मी. अभ्यासही झालाय. पण फळ्यावरची आकृती मला सपाटच दिसते, त्याला काय करू? याही वेळी राहिलं ना, तर नाव काढून टाकतात. मग घरीच यायचं.” मग पलीकडचे ऐकून ती म्हणाली, “रडत नाहीये. सर्दी झालीय.”

सर्दीबिर्दी काही नव्हती. माझा जीव कासावीस झाला, पण ठोकळा काय करणार?

पेपर सुरू झाला. बराच वेळ नुसता पेनांचा आवाज येत होता. मग शेवटच्या बाकावरून एक हात वर गेला.

“मॅडम, ते लाकडी खोगीर कुठंय?”

“काय कुठंय?” मॅडमना वाटले, मुलीला भोवळबिवळ आली.

पुढच्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला, “ताई घोड्यावरून आलीय वाटतं.” वर्गात खसखस पिकली.

मुलीचे कान लाल झाले, पण ती खाली बसली नाही. “नियमपत्रिकेत आहे, मॅडम. शेवटची ओळ. परवानगी विचारू नये असं लिहिलंय. पण ते टेबलावर नाहीये, म्हणून विचारलं.”

मॅडमनी फाइल काढली. शेवटची ओळ वाचली. पुन्हा वाचली. इतकी वर्षे त्या हीच पत्रिका वाटत होत्या आणि ही ओळ त्यांनाही ठाऊक नव्हती! आता त्यांचाच नियम त्यांच्या गळ्यात पडला होता. त्यांनी कपाळाला हात लावला आणि हसू दाबत म्हणाल्या, “नियम म्हणजे नियम. पण ते आणू कुठून?”

दारातले शिपाईमामा खाली वाकले. “मॅडम, हे तर नव्हे?”

मित्रांनो, मला उचलले! मॅडमनी स्वतःच्या रुमालाने माझी धूळ पुसली आणि मला टेबलावर ठेवले. मागे दार धाडधाड आपटत राहिले, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

मुलगी पुढे आली. पुन्हा कुणीतरी फिदीफिदी हसले. तिचे बोट गार पडले होते. प्रश्न असा होता: सूत्राने दिलेल्या एका पृष्ठभागावर एका जागी सरळ आणि आडव्या अशा दोन्ही दिशांना उतार शून्य आहे. ती जागा शिखर, तळ, की यांपैकी काहीच नाही? तिने पुढून मागे बोट फिरवले आणि पुटपुटली, “तळ. गेल्या वर्षी हेच लिहिलं होतं.” मग तिने बोट आडवे फिरवले. बोट मध्येच थबकले. तिने परत फिरवले. मग संपूर्ण तळहात माझ्यावर ठेवला आणि असा लांब श्वास सोडला, की मलाही हलके वाटले. ती जवळजवळ पळतच जागेवर गेली.

थोड्या वेळाने चष्मेवाला उठला. पाणी प्यायला निघाल्यासारखे दाखवत तो टेबलापाशी आला आणि हळूच माझ्यावरून बोट फिरवून गेला. त्याच्यामागून आणखी तिघे आले.

पेपर तपासून झाल्यावर मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावले; आता मीही तिथेच, त्यांच्या टेबलावर होतो. मॅडमनी बोलावले म्हणजे काहीतरी बिनसलेच, असा तिचा समज. ती दारातच खिळून राहिली.

“नापास का, मॅडम?”

“पास. चांगली पास. आधी बस. मला एक सांग, ती पत्रिका शेवटपर्यंत कशी काय वाचलीस तू?”

“गेल्या वर्षी वाचली नव्हती, मॅडम,” ती म्हणाली, आणि मग इतके दिवस दाबलेले सारे रडू एकदम बाहेर आले. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. “रड हवं तेवढं. फक्त पेपर जरा बाजूला घेते.” ती रडता रडता हसली. मॅडमही हसल्या. मला तर विचारूच नका, इतके सुटल्यासारखे वाटले!

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, हे तर मी सांगेनच. माझ्या कडा झिजल्या आहेत, म्हणून दोन्ही हातांनी धरा. नियमांचा कागद हातात आला, तर काय करू नये एवढे वाचून तो मिटू नका. काय करता येते, तेही त्यात असते. आणि माझी एक विनंती ऐका. भर वर्गात कुणी एकटे उठून मदतीसाठी टेबलाकडे निघाले, तर हसू नका. पाय आवरून घ्या आणि त्याला वाट द्या.