पाचव्या तारेचं उत्तर

मी एक मल्टिप्लेक्सर बोलतोय. अंगठ्याच्या पेराएवढा काळा तुकडा, सोळा पायांचा. आठ तारांतली जी सांगाल तिचं व्होल्टेज मी पुढे पोचवतो, जसंच्या तसं.

कारखान्यातून निघालो तो थेट एका दुरुस्तीच्या दुकानातल्या खणात पडलो. दुकानाचे मालक जुने मेकॅनिक. त्यांची भाची त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही. त्यांचा भरवसा मीटरवर आणि स्वतःच्या नाकावर. जळका भाग ते वासानं ओळखायचे!

एका सकाळी इस्पितळातलं नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र आलं. मधूनच बंद पडायचं. सोबत आलेली नर्स म्हणाली, "काका, जुळी आहेत हो, सातव्या महिन्यातली. चांगलं यंत्र एकच उरलंय, त्यातच दोघांना ठेवलंय."

मामांनी मीटर लावला की यंत्र सुरळीत. बाजूला झाले की बंद. असं तीनदा झालं.

"माझी फिरकी घेतंय हे!" मामा वैतागले.

इंजिनियर भाची सुट्टीवर आली होती. तिनं खणातून मला काढलं. "मामा, हात न लावता बघू या."

तिनं सर्किटातल्या आठ जागांपासून माझ्यापर्यंत बारीक तारा जोडल्या, माझं उत्तर दूरच्या स्क्रीनवर नेलं आणि सगळ्यांना दाराशी उभं केलं.

त्या सर्किटाला दोनच शब्द ठाऊक : पाच व्होल्ट म्हणजे 'हो', शून्य म्हणजे 'नाही'. पहिली तार हो. दुसरी नाही. मीही उत्सुक होतो. पाचवी आली, आणि दोनाच्या आसपास डुगडुगत राहिली. ना हो, ना नाही. हे काय नवीन?

मामा न राहवून पुढे झाले, तशी ती पाचावर चढली. मागे सरले, घसरली.

"अगं, ही तर मला बघून हो म्हणतेय!"

"तार अधांतरी आहे, मामा, म्हणून जवळ आलेल्या माणसाचं अंगही तिला हलवतं. तिला पाचावर धरून ठेवणारा रेझिस्टर सुटला असणार."

भिंगाखाली दिसलं : रेझिस्टरच्या पायाशी केसाएवढी चीर. मामांनी तापल्या कथलाचा डाग देऊन ती सांधली. पाचवी तार ठाम पाचावर. मग यंत्र दिवसभर चालवून पाहिलं, जवळ कुणी नसताना. एकदाही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला. "दोघं वेगवेगळी झोपवलीत. धाकटीनं भोकाड पसरलंय, ऐका!" मामा फोन कानाला लावून कितीतरी वेळ उभे होते.

हल्ली मी काळ्या फोममध्ये पाय रोवून डबीत असतो. एकच विनंती. मला उचलण्याआधी बोट क्षणभर अर्थिंग केलेल्या धातूला लावा. तुमच्या स्वेटरमधल्या स्थिर विजेची ठिणगी तुम्हाला जाणवतही नाही. माझा मात्र तिनं जीव जातो, आणि बाहेरून काहीच कळत नाही.